बाल संधिवाताचा पेशंट मोठ्यांच्या डॉक्टरकडे नेताना: कोकणातल्या घरांसाठी टप्प्याटप्प्याने

बारावीचा निकाल लागतो, मुलगा कॉलेजसाठी मुंबईला जातो आणि त्याची फाईल कुडाळच्या कपाटात पडून राहते. लहान मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, "आता मोठ्यांच्या डॉक्टरना दाखवा." कुठल्या, कधी, काय घेऊन, हे कुणी सांगत नाही. गणपतीला तो घरी येतो तेव्हा गुडघा सुजलेला असतो आणि गोळ्या संपून अडीच महिने झालेले असतात.

आमच्या घरात मुलीच्या बाबतीत हे असंच झालं. त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच घरांना मी फाईल लावून दिली आहे आणि चूक जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तीच सापडते. जुन्या डॉक्टरची शेवटची भेट आणि नव्या डॉक्टरची पहिली भेट यांच्यामध्ये मोकळी जागा राहते. औषध तिथे बंद पडतं, डोळ्यांची तपासणी तिथे राहते. खाली जे लिहिलंय ते सगळं ती जागा बुजवण्यासाठी आहे.

आधी एक गैरसमज काढून टाका. आजार १६ व्या वर्षाच्या आत सुरू झाला आणि सांध्याची सूज सहा आठवड्यांपेक्षा जास्त टिकली, म्हणून त्याला 'जुवेनाईल', म्हणजे बालवयातला, म्हणतात. ते नाव सुरुवातीचं वय सांगतं. अठरा पूर्ण झाल्यावर तो आपोआप जातो असा त्याचा अर्थ नाही. काहींचा शांत होतो, बऱ्याच जणांचा मोठेपणीही चालू राहतो.

टप्पा १: तारीख तुम्ही ठरवा

युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०१७ साली छापलेल्या शिफारशी सांगतात की या बदलाची तयारी अकराव्या वर्षी सुरू व्हावी, फार तर चौदाव्या. आपल्याकडे अकराव्या वर्षी मुलाला गोळीचं नावही माहीत नसतं. तरी आज जिथे आहात तिथून सुरुवात करा.

पुढच्या भेटीत लहान मुलांच्या डॉक्टरना एवढंच विचारा: "तुम्ही कितव्या वर्षापर्यंत बघणार?" काही सरकारी रुग्णालयांत बालविभाग बाराव्या वर्षीच संपतो, खाजगीत बहुधा अठरापर्यंत चालतं. हे आयत्या वेळी केसपेपरच्या खिडकीवर कळलं तर मुलाला घेऊन तसंच परत यावं लागतं.

मग महिना ठरवा. माझ्या मते अकरावीची दिवाळी ते पुढचा मे हा काळ उत्तम. बोर्डाची परीक्षा नाही, घाटात दरडी नाहीत, रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक नाही. गणपतीच्या मागेपुढे अपॉइंटमेंट घेऊच नका, परतीचं तिकीट मिळता मिळत नाही. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा अपॉइंटमेंटची तारीख त्याच्याही आधी हातात हवी.

*सावध:* आजार उसळलेला असताना, औषध नुकतंच बदललेलं असताना किंवा कॉलेजच्या प्रवेशाच्या आठवड्यात डॉक्टर बदलू नका. तीन बदल एकदम झाले की नेमकं कशाने बिघडलं ते कुणालाच सांगता येत नाही.

टप्पा २: काम आईकडून मुलाकडे

मोठ्यांच्या ओपीडीत डॉक्टर पेशंटकडे बघून विचारतात. आई उत्तर द्यायला लागली की ते थांबवतात, आणि ते बरोबरच आहे. म्हणून काम आधी हस्तांतरित करा, डॉक्टर नंतर बदला. क्रम असा ठेवा:

१. आजाराचं पूर्ण नाव आणि आपला प्रकार मुलाला तोंडपाठ हवा. 'वात आहे' एवढ्याने भागत नाही.
२. प्रत्येक औषधाचं नाव, मात्रा आणि ते कशासाठी आहे, हे त्याला सांगता यावं.
३. गोळ्यांचा डबा रविवारी त्याने भरायचा, तुम्ही फक्त बघायचं. महिनाभर चूक झाली नाही की बघणंही बंद.
४. अपॉइंटमेंटचा आणि रिपोर्टचा फोन त्याने करायचा. पहिले दोन फोन फसतील. फसू द्या.
५. ओपीडीत पहिलं वाक्य त्याचं. शेवटची दहा मिनिटं तो आत एकटा, तुम्ही बाहेर बाकावर.

पाचव्या कलमाला सगळ्यात जास्त विरोध होतो. आपल्याकडे ओपीडीत आई, बाबा, आजी आणि शिवाय मुंबईचा काका असतो. मीही पहिल्यांदा दाराला कान लावूनच बसले होते. पण मुलगी आत काय बोलली ते मला आजही माहीत नाही, आणि त्यानंतरच ती डॉक्टरांशी सरळ बोलायला लागली.

*सावध:* मेथोट्रेक्सेट हे या आजारातलं नेहमीचं औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. वार ठरवा, तो पाकिटावर, डब्यावर आणि मोबाईलच्या गजरात लिहा. २.५ मिलिग्रॅम आणि १० मिलिग्रॅम या दोन्ही गोळ्या मिळतात. दुकानदाराने वेगळी दिली तर गोळ्यांची संख्या बदलते, हे मुलाला आकडे मांडून समजवा. फॉलिक ॲसिड कोणत्या वारी घ्यायचं ते डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणेच.

*तपासा:* तुम्ही दोन आठवडे घरात नसलात तर औषधं बरोबर घेतली जातील का? उत्तर 'बहुतेक' असेल तर पुढच्या टप्प्याला घाई नको.

टप्पा ३: फाईल, आणि तिच्यावरचं एक पान

नवीन डॉक्टर दहा वर्षांचे कागद चाळत बसणार नाहीत. त्यांना एक पान हवं असतं, जास्तीत जास्त दोन. ते जुन्या डॉक्टरांनी लिहून सही-शिक्क्यासह दिलं पाहिजे. "रेफर टू रुमॅटॉलॉजी" (संधिवात विभागात दाखवा) एवढीच ओळ असलेली चिठ्ठी घेऊन येऊ नका. पत्र मागताना ही यादी पुढे ठेवा:

- आजार कधी सुरू झाला, प्रकार कोणता, आजवर कोणते सांधे धरले
- एएनए, आरएफ आणि एचएलए-बी२७ (आजाराचा प्रकार ओळखायच्या रक्ततपासण्या) यांचे निकाल
- डोळ्यांत कधी सूज आली होती का, शेवटची तपासणी कधी झाली
- आजवर दिलेली सगळी औषधं: सर्वांत जास्त मात्रा किती होती, बंद का केली. 'गुण आला नाही', 'उलट्या झाल्या', 'पैसे नव्हते' ही तीन वेगवेगळी कारणं आहेत, स्पष्ट लिहून घ्या
- सांध्यात दिलेली इंजेक्शनं, स्टेरॉईड किती काळ चाललं
- क्षयाची तपासणी, छातीचा एक्स-रे, हिपॅटायटिस बी आणि सी
- लसींची नोंद
- सध्याची उंची, वजन, आणि आजार शांत असताना सकाळचा आखडलेपणा किती मिनिटं राहतो

ताप आणि पुरळ घेऊन येणारा सिस्टेमिक प्रकार असेल तर मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोम (त्या प्रकारातली जिवावर बेतणारी गुंतागुंत) कधी झाला होता का, हे पत्रात यायलाच हवं. टोसिलिझुमॅब हे इंजेक्शन चालू असेल तर तेही ठळक हवं. त्या औषधावर असताना जंतुसंसर्ग होऊनही सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) वाढत नाही आणि ताप दबलेला राहू शकतो. गावातल्या डॉक्टरांना हे ठाऊक नसेल तर नॉर्मल रिपोर्ट बघून ते निर्धास्त होतील.

औषधाचं मूळ नाव आणि ब्रँड दोन्ही लिहून घ्या. उदाहरणार्थ अडालिमुमॅब हे इंजेक्शन एकच, पण त्याचे ब्रँड अनेक. नुसता ब्रँड लिहिला तर पुढे घोळ होतो.

आता कोकणातली खास अडचण. आपल्याकडे कागदाला बुरशी लागते. एक्स-रेच्या फिल्म पावसाळ्यात एकमेकींना चिकटतात, पावत्यांवरची छपाई उडते. सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढा, वर्षवार फोल्डर करा आणि एक प्रत मुलाच्या मोबाईलमध्ये ठेवा. मूळ कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, जमिनीलगतच्या कपाटात नको. एमआरआयची सीडी मिळाली असेल तर ती उघडते का ते आजच बघा. आमची उघडली नाही आणि तपासणी पुन्हा करावी लागली.

*सावध:* मोठ्यांचे डॉक्टर आजाराला वेगळं नाव देतील. आरएफ पॉझिटिव्ह प्रकाराला रुमॅटॉईड आर्थ्रायटिस, टाच-कंबर धरणाऱ्या प्रकाराला स्पाँडिलोआर्थ्रायटिस. आजार तोच असतो. मात्र विमा आणि दाखल्यांसाठी दोन्ही नावं एकाच पत्रावर असलेली बरी.

टप्पा ४: डॉक्टर दोन हवेत

सांधे दुखतात म्हणून लोक हाडांच्या डॉक्टरकडे जातात. ते शस्त्रक्रियेचे डॉक्टर. तुम्हाला रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाततज्ज्ञ हवा. किनारपट्टीच्या गावात तो बहुधा नसतो, म्हणून दोघांची जोडी लावा.

पहिला तज्ज्ञ, लांबचा, तीन-चार महिन्यांनी भेटणारा. सावंतवाडी-दोडामार्गवाल्यांना गोवा जवळ, कणकवली-वैभववाडी आणि रत्नागिरीवाल्यांना घाट चढून कोल्हापूर, चिपळूण-खेडच्या वरच्यांना मुंबई किंवा पुणे. मूल मुंबईत परळच्या वाडिया या मुलांच्या रुग्णालयात दाखवत असाल तर मोठ्यांसाठी केईएम रुग्णालय शेजारीच आहे. रस्ता, स्टेशन, उतरायची जागा ओळखीची राहते, आणि हे वाटतं त्यापेक्षा मोठं सुख आहे. निघण्यापूर्वी ओपीडीचा वार फोनवर पक्का करा. मूल पुढच्या वर्षी शिकायला जिथे जाणार आहे तिथलाच तज्ज्ञ निवडता आला तर सर्वांत सोपं.

दुसरा गावाजवळचा एमडी फिजिशियन. रक्ताच्या तपासण्या, ताप, छोट्यामोठ्या अडचणी याच्याकडे. ओरोस किंवा रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालयही चालेल. त्याला तज्ज्ञाच्या पत्राची प्रत आधीच नेऊन द्या. एक वाक्य तोंडी सांगा: "मेथोट्रेक्सेट चालू आहे, सेप्ट्रान देऊ नका." सेप्ट्रान हे जंतुसंसर्गावरचं औषध (को-ट्रायमॉक्साझोल), आणि त्या दोन औषधांची जोडी रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते.

*तपासा:* रक्ताचा रिपोर्ट बिघडला तर पहिला फोन कुणाला, हे मुलाला माहीत आहे का?

टप्पा ५: नवीन पकडा, मग जुनं सोडा

सगळ्यात जास्त घरं इथे घसरतात. क्रम उलटा होऊ देऊ नका:

१. नव्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्या.
२. जुन्या डॉक्टरांकडून पत्र घ्या. औषधं नव्या भेटीच्या तारखेपर्यंत, आणि वर एक महिना, पुरतील एवढी लिहून घ्या.
३. नव्या डॉक्टरना भेटा.
४. त्यांनी काय ठरवलं ते घेऊन जुन्यांना एकदा भेटा किंवा फोन करा.
५. मग जुन्यांचा निरोप घ्या.

चौथी पायरी लोकांना फुकटची फेरी वाटते. पण नवीन डॉक्टरांनी औषध कमी करायचं ठरवलं असेल आणि त्याच औषधाच्या कमी मात्रेवर मुलाचा आजार पूर्वी उसळला असेल, तर ते जुन्या डॉक्टरांनाच आठवतं.

पहिल्या भेटीला जाण्याआधी मुलाला एक गोष्ट सांगून ठेवा, जी मी सांगितली नव्हती. मोठ्यांच्या ओपीडीत भिंतीवर कार्टून नसतात. शेजारी सत्तर वर्षांच्या आजी बसलेल्या असतात, बोटं वाकडी झालेली. माझी मुलगी त्या हातांकडे बघत राहिली आणि घरी येताना गाडीत खेडपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग विचारलं, "आई, माझी पण अशीच होणार?" त्या आजींच्या तरुणपणी आजची औषधं नव्हती, हे उत्तर मला सुचायला चिपळूण आलं. तुम्ही आधीच तयार ठेवा.

भेटीत वेळ कमी मिळेल. मुलाने तीन प्रश्न लिहून न्यावेत, तीनच. रात्रीच्या गाडीने बसून गेलात तर सकाळी सांधे जास्तच आखडलेले असतील. हे नेहमीचं आहे की प्रवासाचं, ते डॉक्टरांना सांगा, नाहीतर विनाकारण औषध वाढेल.

टप्पा ६: डोळे

यासाठी वेगळा टप्पा केलाय, कारण इथे झालेलं नुकसान भरून येत नाही. या आजारात डोळ्याच्या आत सूज येते, युव्हायटिस. लहान वयात सुरू झालेला, थोडे सांधे धरणारा, एएनए पॉझिटिव्ह प्रकार असेल तर धोका जास्त. ही सूज बहुधा गुपचूप येते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, आणि दिसणं कमी झालं हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. सांधे शांत असतानाही ती येऊ शकते.

लहान मुलांचे डॉक्टर दर भेटीला "डोळे दाखवले का?" विचारायचे. मोठ्यांच्या ओपीडीत हा प्रश्न येईलच असं नाही, कारण तिथल्या बहुतेक पेशंटना तो लागू नसतो. म्हणून तुम्हीच विचारा: "आमची डोळ्यांची तपासणी किती महिन्यांनी?" जास्त धोका असेल तर दर तीन महिन्यांनी, कमी असेल तर सहा ते बारा. मेथोट्रेक्सेट किंवा अडालिमुमॅब कमी किंवा बंद केल्यानंतरचे पहिले काही महिने विशेष जपायचे.

*सावध:* चष्म्याच्या दुकानातली नंबर तपासणी म्हणजे ही तपासणी नव्हे. नेत्रतज्ज्ञाकडे स्लिट-लॅम्पवर (डोळ्याचा आतला भाग मोठा करून दाखवणारं यंत्र) बघायला सांगा आणि कागदावर 'युव्हायटिस आहे किंवा नाही' असं लिहून घ्या. एचएलए-बी२७ वाल्या मुलांत उलट होतं: डोळा अचानक लाल होतो, दुखतो, उजेड सोसत नाही. त्यांनी त्याच दिवशी जायचं.

टप्पा ७: इंजेक्शन, वीज आणि हॉस्टेल

बायोलॉजिक इंजेक्शनं (अडालिमुमॅब, टोसिलिझुमॅबसारखी) २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची. फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, दारात नको, बर्फाच्या कप्प्यात तर नकोच. एकदा गोठलेलं इंजेक्शन वितळलं तरी टाकून द्यायचं.

पावसात आपल्याकडे वीज दोन-दोन दिवस जाते. जूनपूर्वी आइसपॅकची जोडी आणि झाकण घट्ट बसणारा डबा तयार ठेवा, पॅक आणि इंजेक्शन यांच्यामध्ये कापड घाला. महिनाभराचा साठा करण्यापेक्षा पावसाळ्यात एकेक आणलेलं बरं. फ्रीजबाहेर किती तास किंवा दिवस चालतं हे ब्रँडनुसार बदलतं. खोक्यातला कागद वाचा किंवा दुकानदाराला विचारा, शेजाऱ्याला नको.

हॉस्टेलमधला फ्रीज सगळ्यांचा असतो. नाव लिहिलेल्या अपारदर्शक डब्यात ठेवायला सांगा आणि खोलीतल्या एका तरी मित्राला ते काय आहे हे माहीत असू द्या. इंजेक्शन स्वतः टोचायचं घरी असतानाच शिकून घ्यावं.

टप्पा ८: हे तुझ्यासाठी, आईबाबांनी वाचलं नाही तरी चालेल

मेथोट्रेक्सेटवर दारू यकृताला महागात पडते. शिमग्याला मित्र आग्रह करतील, तेव्हा 'गोळी चालू आहे' हे खरं कारण तुझ्याकडे आहे. चोरून घेतलीसच तर निदान डॉक्टरांपासून लपवू नकोस.

मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाईड (सांध्यांसाठीचीच दुसरी गोळी) गर्भाला घातक आहेत. मुलगी असशील तर गर्भनिरोधनाबद्दल डॉक्टरांशी एकटीने बोल. पुढे मूल हवं असेल तेव्हा औषधं आधीच, ठरवून बदलता येतात. मुलगा असशील तरी डॉक्टरांना विचारून ठेव.

स्थळं येऊ लागली की घरातून "थोडे दिवस गोळ्या बंद ठेव" असं येऊ शकतं. बंद ठेवू नकोस. स्टेरॉईड बरेच आठवडे चालू असेल तर ते अचानक थांबवणं तर थेट धोक्याचं आहे. गावातल्या 'हमखास गुण' देणाऱ्या बिननावाच्या पुडीपासून लांब राहा. तिच्यात स्टेरॉईड असू शकतं, आणि म्हणूनच 'गुण' दोन दिवसांत येतो.

भातलावणीच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर 'वात उठला' असं समजू नकोस. तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, शेतातल्या दूषित पाण्यातून होणारा ताप) असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, चालू औषधांची यादी दाखव. त्या आठवड्याचं मेथोट्रेक्सेट किंवा इंजेक्शन घ्यायचं का, ते तज्ज्ञाला विचारूनच ठरव. स्टेरॉईडची गोळी मात्र आपल्या मनाने सोडायची नाही. कुठलीही लस घेण्याआधी आपली औषधं सांग, काही जिवंत लसी (दुबळे केलेले जिवंत जंतू असलेल्या) तुला चालत नाहीत.

टप्पा ९: कागदपत्रं

थोडक्यात. पंधराव्या वर्षानंतर आधारचे बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, ते करून ठेवा. अठरानंतर संमतीपत्रावर सही मुलाची. घरच्या आरोग्य विम्यात मूल कितव्या वर्षापर्यंत आहे ते आजच पॉलिसी काढून वाचा. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन करायच्या उपचारांना आहे, महिन्याच्या गोळ्या तिच्यात बसतील असं धरून चालू नका. सांध्यांत कायमचा दोष राहिला असेल तर अपंगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज करा. लहानपणीचं प्रमाणपत्र बऱ्याचदा मुदतीचं असतं, त्यावरची तारीख बघा. लिहिताना बोटं आखडत असतील तर परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ मागता येतो, अर्ज शाळा-कॉलेजमार्फत, वर्षाच्या सुरुवातीलाच.

टप्पा १०: पहिलं वर्ष

एक भेट झाली म्हणजे बदल झाला असं मी मानत नाही. वर्षात नव्या डॉक्टरच्या तीन भेटी झाल्या, रक्ताच्या तपासण्या वेळेवर झाल्या, डोळे दाखवले गेले आणि यातलं निदान एक काम मुलाने तुम्हाला न सांगता केलं, तर झाला.

मध्येच तुटलंच असेल, म्हणजे औषध बंद आणि डॉक्टरही नाही, तर लाजून घरी बसू नका. जुनी मात्रा आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. आधी नेत्रतज्ज्ञाची वेळ घ्या, ती तालुक्याच्या गावीही मिळते. जवळच्या फिजिशियनकडून रक्ताची, यकृताची, किडनीची तपासणी आणि सीआरपी करून घ्या. लहान मुलांच्या जुन्या डॉक्टरना फोन करून पत्र मागा. वय उलटलं तरी पत्र द्यायला बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. हे तीन कागद घेऊन तज्ज्ञाकडे जा आणि औषध किती दिवस बंद होतं ते खरं सांगा. आम्ही 'एखादा महिना' सांगितलं होतं. ते धरून डॉक्टरांना वाटलं, चालू औषध लागूच पडत नाही, आणि ते बदलायला निघाले. मुलीने तेव्हा माझ्याकडे न बघता खरा आकडा सांगितला.